तिसऱ्या पिंजऱ्याचं पथ्य

बेबाबाई फिरके यांचं माझ्या हातून नुकसान झालं. ते कसं झालं हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं, आणि दोघांनाही उशिरा.

१९९३ साली मी जळगावच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय जीवरसायनशास्त्र. कॉलेजच्या मागे पाण्याच्या टाकीला लागून एक पत्र्याची खोली होती, दारावर 'प्राणिगृह' अशी पाटी. आत साठेक पांढरे उंदीर, आणि त्यांचं सगळं बघणाऱ्या बेबाबाई. आम्ही विद्यार्थी त्यांना मावशी म्हणायचो.

मावशी यावल तालुक्यातल्या, केळीच्या पट्ट्यातल्या. नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन जळगावला भावाकडे आल्या, पुढे पिंप्राळ्यात एक खोली घेतली. आधी काही वर्षं दालमिलमध्ये डाळ निवडायचं काम केलं. त्या कामाने त्यांचा डोळा असा तयार झाला होता की खोलीत शिरता शिरता त्या सांगायच्या, "त्या कोपऱ्यातल्याचे केस उभे राह्यले. आज काही खाल्लं नही त्यानं." आम्ही वजन करून पाहायचो, तर खरंच उतरलेलं असायचं.

उंदीर ओळखता यावेत म्हणून त्यांच्या अंगावर पिक्रिक आम्लाचे पिवळे ठिपके देतात, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. मावशी ते बघून म्हणायच्या, "हळद लागली सगळ्यांले. लगीन काही लागत नही कोनाचं."

त्या सहा वर्षं हंगामी होत्या. दर सहा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश हातात द्यायचे. त्या वर्षी मात्र त्यांना कायम करायची फाइल वर गेली होती. मार्चअखेर आमच्या विभागाने त्यांच्या कामाचा अहवाल द्यायचा आणि जूनमध्ये निर्णय व्हायचा. मावशींनी ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. "कायम झाली म्हंजे पोरीच्या शाळेच्या कागदावर आईचा धंदा लिहिता येईल मले. आता कधी 'मजुरी' लिहिते, कधी कोरं सोडते."

मी धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. प्राणिगृहातल्या पहिल्या दिवशी पिंजऱ्याचं दार माझ्या हातून निसटलं आणि मी घरच्या बोलीत ओरडलो, "बठ्ठा उंदीर सुटी गयात."

मावशींनी वाकून दोन्ही हातांनी दोन उंदीर उचलले. "बठ्ठा कुठी? दोनच सुटले. तुमी धुळ्याकडचे लोकं बोलता बाकी गोड." मग जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्या हातात देऊन उंदीर कसा गुंडाळून धरायचा ते शिकवलं. तीन दिवसांत मला ते जमलं. बाकीची विद्या मी पुस्तकातून घेतली होती, पण उंदीर धरायची विद्या त्यांची.

माझा प्रयोग असा होता. यकृताच्या पेशींमध्ये चरबी बारीक थेंबांच्या रूपात साठते. खाण्यात तेल-तूप फार झालं की हे थेंब वाढतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि पेशीचं केंद्रसुद्धा कडेला ढकलून देतात. काही वनस्पतींतल्या तुरट द्रव्यांमुळे असे थेंब कमी तयार होतात, असं तेव्हा आमच्या वाचनात येत होतं. माझे मार्गदर्शक सरोदे सर रावेर भागातले. त्यांच्या मनात केळफूल होतं. "आपल्याकडे घड कापला की केळफूल बांधावर फेकून देतात. त्यात काही निघालं तर बघ," असं ते म्हणाले होते.

तीन पिंजरे, प्रत्येकात आठ उंदीर. पहिल्याला साधं खाद्य. दुसऱ्याला डालडा आणि साखर घातलेलं. तिसऱ्यालाही डालड्याचंच, पण सोबत रोज ड्रॉपरने केळफुलाचा अर्क. आठ आठवड्यांनी तिघांची यकृतं काढून तुलना करायची. दुसऱ्यात थेंब भरपूर आणि तिसऱ्यात कमी दिसले, तर केळफुलात काहीतरी आहे.

केळफुलं मावशींनीच माहेरहून आणवली. माझ्या घरी ही भाजी कधी झाली नव्हती. मी कोयता घेऊन बसलो तर बोटं काळी पडली. मावशी हसल्या. "आधी हाताले तेल लावा. आन् प्रत्येक फुलातली ही ताठ काडी काढून टाका, ती शिजत नही." मी म्हणालो, मला शिजवायचं नाही, अर्क काढायचा आहे. त्या म्हणाल्या, "मंग तर अजूनच काढा. औषधात कचरा कशाले?" चार दिवस आम्ही दोघं बसून फुलं निवडत होतो.

डिसेंबरात प्रयोग सुरू झाला. नियम असा होता की खाद्य आणि अर्क विद्यार्थ्याने स्वतः, रोज सकाळी, मोजून द्यायचा आणि वहीत नोंदवायचा. पहिले दोन आठवडे मी तो पाळला. पण प्राणिगृहाचा वास कपड्यांतून जात नसे. हॉस्टेलच्या मेसमध्ये छगन नावाचा वर्गमित्र मी आलो की ताट उचलायचा. "लांब बस रे भो, जेवू दे. तुझ्या पाहुण्यांचा वास येतो." सगळे हसायचे. मीही हसायचो. मनात मात्र यायचं, शेणाच्या पाट्या सुटाव्यात म्हणून बापाने मला शिकवलं आणि इथे येऊन मी लेंड्या काढतोय. आज त्या विचाराची लाज वाटते. तेव्हा लाज वासाची वाटत होती.

तिसऱ्या आठवड्यात मी मावशींना म्हणालो, "सकाळचं तेवढं तुम्ही घालाल का?"

"घालते ना. त्यात काय. तिसऱ्या पिंजऱ्याले औषध किती?"

"ड्रॉपरवर खूण आहे, तिथपर्यंत."

"आन् खायाले कोनाले काय?"

"तक्ता लावलाय की भिंतीवर." मी चपला घालता घालता म्हणालो आणि निघालो.

तक्ता इंग्रजीत होता.

त्यानंतर मी फक्त शनिवारी जायचो. वजनं मी खरी घ्यायचो, तेवढं म्हणू शकतो. पण कोणी किती खाल्लं हा रकाना आठवड्याचा एकदम, स्टुलावर बसून अंदाजाने भरायचो आणि खाली सही करायचो. मावशी शेजारी झाडत असायच्या. तिसऱ्या पिंजऱ्याची वजनं वाढत नव्हती. मला वाटलं, अर्काचा गुण. आठवड्यागणिक माझा आनंद वाढत गेला.

फेब्रुवारीत फॉर्मलिनच्या बाटल्यांत यकृतं घेऊन मी एस.टी.ने धुळ्याला गेलो. तिथे एका डॉक्टरांकडे ऊतक गोठवून पातळ काप काढायचं यंत्र होतं. कापांवर चरबी रंगवणारा लाल रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुसऱ्या पिंजऱ्याचं यकृत लाल थेंबांनी भरलेलं होतं, फोडणीचं तेल वरणावर पसरतं तसं. तिसऱ्याचं जवळजवळ स्वच्छ. पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक सांगता येत नव्हता. मी चोवीस काचा तीनतीनदा पाहिल्या.

सरोदे सरांनी सगळ्या काचा दोनदा पाहिल्या. मग म्हणाले, "अभिमन, हे पुण्याच्या परिषदेत मांडू. तूच मांड." परिषदेला तीन आठवडे होते. मी स्टेशनजवळून पेढे घेतले आणि आधी प्राणिगृहात गेलो.

मावशींनी पेढा कपाळाला लावला. "गुन येनारच होता. पथ्य एक दिवस मोडलं नही मी."

"कसलं पथ्य?"

"औषधाचं. तिसऱ्या पिंजऱ्याले त्या डालड्याचा कन दिला नही. पहिल्या डब्यातलं साधंच घालायची, वरून थोड्या भाताच्या कन्या. पाल्याच्या औषधावर तेल-तूप गेलं म्हंजे औषध उलटते, भाऊ. तुमच्याकडे नही पाळत का?"

आमच्याकडेही पाळतात. माझी आई साध्या काढ्यावरसुद्धा पंधरा दिवस तेल-तिखट बंद करते. खानदेशातल्या कुठल्याही घरात झाडपाल्याचं औषध द्यायला सांगा, देणारी बाई आधी पथ्य विचारील. मावशींनीही विचारलं होतं. मी भिंतीकडे बोट दाखवलं होतं.

मी विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"सांगाले कोन पाहिजे?" त्यांनी हातातला पेढा फळीवर ठेवला. "आमच्या ह्यांले कावीळ झाल्ती. वैदूनं पाला देल्ला, म्हने दूध-भाताशिवाय काही नही. एकवीस दिवस मी सांभाळलं. पोळ्याच्या दिवशी त्यांनी पुरनपोळी मांगितली. लहान लेकरावानी मांगितली. मी वाढली, वरून तूप वाढलं. चौथ्या दिवशी गेले. सासू म्हने, तूच मारला. मलेही तसंच वाटते. म्हून म्हटलं, ह्या मुक्या जिवांचं तरी मोडू नये."

यकृत इतकं बिघडल्यावर एका पोळीने काही कमी-जास्त झालं नसतं, हे मी त्यांना त्याच क्षणी सांगू शकत होतो. तेवढं तर मी शिकलो होतो. मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात पुण्याची परिषद होती.

"काबरं गप झाले? चुकलं का माझं?"

मग मी त्यांना पहिल्यांदा प्रयोग समजावून सांगितला. तीन महिन्यांनी, सगळं संपल्यावर. त्यांनी तो एकदाच ऐकला आणि त्यांना समजला. "म्हंजे गुन पाल्याचा का पथ्याचा, हे आता कळत नही."

"नाही कळत."

"मंग पुन्हा करा. एक पिंजरा नुसत्या औषधाचा, बिनापथ्याचा. आन् एक नुसत्या पथ्याचा, बिनाऔषधाचा. मंग कळते." डाळ आणि खडे वेगळे करावेत तितक्या सहज त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मी सांगते सरांले. चूक माझी हाये."

"नको. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सांगितलं का?" मी म्हणालो, आज सांगतो. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मार्च आला, भाऊ. माझा कागद लिहायच्या आधी सांगा. नंतर कळलं त सरांले वाटीन, बाईनं लपवलं." मी मान हलवली. त्यानंतर मी प्राणिगृहाकडे जाणंच टाळलं.

आठव्या दिवशी सर स्वतःच प्राणिगृहात गेले. परिषदेसाठी त्यांना पिंजऱ्यांचा फोटो हवा होता. तिथे त्यांना डालड्याचा डबा दिसला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हा अर्धा कसा? दोन पिंजरे आठ आठवडे हे खात होते ना?"

मी डब्याचं झाकण लावायला लागलो.

"खाद्य कोण घालत होतं?"

मावशी दाराशी उभ्या होत्या, हातात खराटा. वही सरांच्या हातात होती आणि तिच्या प्रत्येक पानावर माझी सही होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "थोडे दिवस मावशी घालत होत्या, सर. मी सांगितलं होतं त्यांना. तक्ताही आहे भिंतीवर. त्यांनी तिसऱ्या पिंजऱ्याला साधं घातलं."

सर वळले. "बाई, यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. डाळीच्या ताटात काही वेगळं दिसलं तर त्या असंच बघत असतील. मग म्हणाल्या, "सांगितलं असीन. मलेच उमजलं नसीन."

"सहा वर्षं काम करता आणि डबा ओळखता येत नाही?" सर आवाज न चढवता बोलले. "परिषदेला जाऊन खोटं मांडून आलो असतो आम्ही. यापुढे या प्रयोगाला हात लावू नका."

"बरं, सर."

त्या झाडायला लागल्या. मी सरांच्या मागून बाहेर पडलो. वाटेत सर म्हणाले, तुझा दोष एवढाच की तू विश्वास ठेवलास. मी तेही ऐकून घेतलं.

प्रयोग पुन्हा केला. या वेळी चार पिंजरे. चौथा दोन आठवडे डालड्यावर आणि पुढे नुसत्या साध्या खाद्यावर, बिनाअर्काचा. तो का ठेवायचा हे मी सरांना मावशींच्याच शब्दांत सांगितलं, फक्त शब्द इंग्रजी केले. सर म्हणाले, "चांगलं सुचलं तुला."

रोज सकाळी सहाला मी स्वतः जायचो. मावशी खोलीच्या दुसऱ्या बाजूचे पिंजरे साफ करत असायच्या. पूर्वी त्यांचं बोलणं संपायचं नाही, आता पिंजऱ्यांच्या तारांचाच काय तो आवाज. एकदा एका उंदराने माझं बोट फोडलं. मावशींनी फडकं पुढे केलं, मी घेतलं, आणि त्या परत आपल्या बाजूला गेल्या. मार्चअखेरीला सरांनी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ होती, 'प्रयोगकार्यात निष्काळजीपणा आढळला.' मी ती टेबलावर उलटी वाचली. सर समोर बसले होते. मी माझ्या नोंदी दाखवल्या आणि उठलो.

परीक्षा उशिरा, मेअखेरीस झाली. काचा स्पष्ट होत्या. नुसत्या पथ्याच्या पिंजऱ्याचं यकृत जवळजवळ स्वच्छ. डालडा आणि अर्क घेतलेल्या पिंजऱ्यात थेंब होतेच, पण लहान, सुटे सुटे, एकमेकांत न मिसळलेले. म्हणजे केळफूल थेंबांना मोठं होऊ देत नव्हतं, घालवत मात्र नव्हतं. निकाल पहिल्यापेक्षा छोटा होता, पण खरा होता. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "या चौथ्या पिंजऱ्यामुळे तुमच्या कामाला किंमत आली. कशावरून सुचलं?"

"वाचनातून, सर."

मला पहिला वर्ग मिळाला. माझ्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. त्यावर सरांचं नाव आहे, धुळ्याच्या डॉक्टरांचं आहे, आईवडिलांचं आहे.

जुलैत गुणपत्रक घ्यायला कॉलेजात गेलो. पाय आपोआप मागच्या बाजूला वळले. प्राणिगृहात वना नावाचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. "त्या बाई? त्यांची ऑर्डर निघाली नाही. जूनमध्येच गेल्या."

मी सरोदे सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खाद्य सहा आठवडे मावशींनी घातलं, वही मी अंदाजाने भरली, त्यांनी विचारलं तेव्हा मी इंग्रजी तक्ता दाखवला, आणि चौथा पिंजरा त्यांचा. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मला मार्चमध्ये का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, सर."

"त्या बाईला मी काय काय बोललो." मग ते म्हणाले, "मी वर पत्र लिहीन. पण जागा भरली आहे. आता काही होईल असं वाटत नाही." त्यांनी पत्र लिहिलं, हे मला माहीत आहे. झालं काही नाही. त्या दिवसानंतर सर मला अभिमन म्हणाले नाहीत, आडनावाने हाक मारू लागले.

पिंप्राळ्यात मावशींच्या मुलीने सांगितलं, आई मिलवर आहे. औद्योगिक वसाहतीतल्या त्या दालमिलच्या फाटकाशी मी दुपारच्या सुट्टीपर्यंत थांबलो. बायका डबे घेऊन निंबाखाली आल्या. मावशींच्या केसांवर, पापण्यांवर डाळीची पिवळी भुकटी बसली होती. मला पाहून त्या बाकीच्यांपासून दूर, भिंतीजवळ आल्या.

"पास झाले का?"

"पहिला वर्ग मिळाला."

"चांगलं झालं."

मी सरांना सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. मग कावीळ आणि यकृत यांचंही सांगितलं, की यकृत आधीच गेलेलं असणार, पोळीने काही झालं नाही. भराभरा बोलत होतो. त्यांनी मला पुरं करू दिलं.

"हे तवाच सांगतलं असतं त मी त्या दिवशी जरा झोपली असती," त्या म्हणाल्या. "आता तुमी सांगता तवा मले समजत नही, हे खरं हाये का माझं मन राखाले म्हनता."

"खरं आहे, मावशी."

"असीन."

"तुम्ही सरांना का नाही सांगितलं? मी खोटं बोलत होतो."

"वही तुमी कशी भरायचे ते मी पाहेच ना. झाडता झाडता दिसे. म्या तोंड उघडलं असतं त तुमचं वरीस गेलं असतं. तुमच्या घरचे पह्यलेच तुमी शिकनारे. मले वाटलं, हा पोऱ्या दोन दिवसांनी तरी जाऊन सांगीन. मार्च संपेपर्यंत मी वाट पाह्यली."

पलीकडून एका बाईने हाक मारली, "बेबा, कोन पाहुना आला व?" बाकीच्या हसल्या. मावशींनी हात करून त्यांना गप्प केलं.

मी म्हणालो, "मी अजून काही करू शकतो का? दुसऱ्या कॉलेजात ओळख काढतो. प्रबंधात नाव घालतो तुमचं, अजून एक प्रत..."

"नको. एक करा," त्यांनी पदराने तोंड पुसलं. "इथी मिलवर पुन्हा येऊ नका. ह्या बाया आता विचारतीन, कोन व्हता, कशाले आल्ता. खरं सांगितलं त त्या तुमाले शिव्या देतीन. खोटं मी एकदा बोलली तुमच्यासाठी. रोज रोज नही होत."

त्या परत निंबाखाली गेल्या, डबा उघडला आणि माझ्याकडे पाठ करून जेवायला बसल्या. मी फाटकाबाहेर आलो. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, तेव्हा मी एस.टी. स्टँड सांगितलं.